गावच्या घरचा जुना सेटटॉप बॉक्स बदलायचाय: नुसता बॉक्स की छत्रीसकट सगळं?

आंबाघाट | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं एकदमच सांगतो. मी पुण्यात असतो, आई-बाबा गावी, संगमेश्वरच्या पुढे बरंच आत, एसटी दिवसातून दोनदा. बाबा ७६, आई ७०. घरी २१ इंची जुना डबा टीव्ही आहे आणि त्याला डीडी फ्री डिश. बॉक्स २०१० च्या गणपतीत घेतलेला, तेव्हा त्याला डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. इतक्या वर्षांत एकदा रिमोट बदलला, बाकी काही नाही.

आता दोन महिने झाले, दुपारी दोन-तीननंतर चित्र थबकायला लागतं, मग चौकोन चौकोन होतात, मग निळा पडदा येतो आणि 'नो सिग्नल'. बाबा मागचं बटण बंद करून पाच-दहा मिनिटं थांबतात, परत लावतात, की चालू. पण संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या लागल्या की मध्येच हमखास जातं. बाबांचा सगळा दिवस त्या बातम्यांवर बेतलेला आहे हो, बातम्या झाल्या की जेवण, जेवण झालं की बीपीची गोळी. बातम्या हुकल्या की ते तसेच बसून राहतात, जेवायला उठत नाहीत. आई फोनवर म्हणते, "तूच काहीतरी बघ रे बाबा आता."

बाजारातल्या एका डिशवाल्याला पाठवलं होतं. तो अंगणातूनच वर बघून म्हणाला, ही सिस्टीमच जुनी झाली, आता हे चालायचं नाही, छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर असते ती सिग्नल पकडणारी डबी), वायर, बॉक्स सगळं नवीन बसवावं लागेल, साडेचार हजार होतील. शिडी मागितली नाही, बॉक्सला हात लावला नाही.

छपरावर दुसरी एक छत्री पण आहे, एका खाजगी डीटीएचची. तीन वर्षांपूर्वी रिचार्ज बंद केला, नुसतं बेसिक भाडंच १३० अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, वर चॅनेलचे वेगळे, आणि बघायचे काय तर बातम्या आणि आईचं कीर्तन. तो बॉक्स फडताळात पडून आहे. तो वापरता येईल का? की खरंच सगळं नवीन घ्यावं? मोबाईलला रेंज फक्त गोठ्यामागे येते, तीही एक कांडी, त्यामुळे इंटरनेटवर चालणारं काही सुचवू नका प्लीज.

मोगरा_७ | शनिवार, रात्री १०.४१

आमच्या गावीही अगदी हाच प्रकार, वाचतेय. काकांना म्हणावं टीव्हीसाठी जेवण थांबवू नका.

कोथरूडकर | शनिवार, रात्री ११.०५

तुम्ही नको म्हणालात तरी बाकीच्यांसाठी लिहितो, नेट बरं असेल तर प्रसारभारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल लाईव्ह दिसतात. माझ्या सासूबाई टॅबवर बघतात. पण एका कांडीवर ते चालणार नाही हे खरंय.

छत्रीवाले_अण्णा | रविवार, सकाळी ७.१५

आंबाघाट, मी चिपळूण भागात वीस वर्षं हेच काम केलं, आता गुडघ्यामुळे छपरावर चढत नाही, पण सांगू शकतो. घाई करून साडेचार हजार देऊ नका.

पहिलं, निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' लिहून येतं ते कोण म्हणतंय ते बघा. बॉक्स म्हणत असेल तर त्या पाटीबरोबर बॉक्सचा मेनू उघडतो, रिमोटला उत्तर देतो. टीव्ही म्हणत असेल तर त्याचा अर्थ असा की बॉक्सकडून टीव्हीला चित्रच येत नाहीये, म्हणजे बॉक्स बंद पडलाय. तेव्हा बॉक्सवरचा लाल-हिरवा दिवा बघायला सांगा. दिवा गेला किंवा लुकलुकायला लागला की समजायचं आतला पॉवर सप्लाय गेला. जुन्या बॉक्समध्ये आत छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, वर्षानुवर्षं गरम होऊन त्यांची डोकी फुगतात, मग गार असताना बॉक्स चालतो आणि तापला की बसतो. तुमचं दुपारनंतर होतंय, बंद करून ठेवलं की परत चालतंय, वाचताना मला तरी तेच वाटलं.

दुसरं, मेनूत सिग्नलचं पान असतं. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंथ बघतात, ती महत्त्वाची नाही, ती नुसती वायर आणि एलएनबी जिवंत आहे एवढंच सांगते. छत्री दुसऱ्याच आकाशाकडे बघत असली तरी स्ट्रेंथ दिसते. क्वालिटी बघायची. सकाळी एकदा आणि बंद पडायच्या आधी दुपारी एकदा बाबांना आकडे वाचून दाखवायला सांगा. दोन्ही वेळेला सारखे असतील तर छत्रीचा काही दोष नाही.

आणि आता 'सिस्टीम जुनी झाली' याचं. अर्धं खरं आहे ते. तुमचा बॉक्स २०१० चा म्हणजे एमपेग-२ चा, चित्र दाबून पाठवायची ती जुनी पद्धत. फ्री डिशवर आता दोन प्रकारचे चॅनेल आहेत, एमपेग-२ आणि एमपेग-४. नवीन पद्धतीत चित्र जास्त दाबून बसवतात त्यामुळे तेवढ्याच जागेत साधारण दुप्पट चॅनेल मावतात. जुन्या बॉक्समधल्या चिपला ती भाषाच येत नाही आणि सॉफ्टवेअर टाकून ती शिकवताही येत नाही, चिपच बदलावी लागते म्हणजे बॉक्स बदलावा लागतो. नवीन बॉक्स असलेल्या घरांत जास्त चॅनेल दिसतात ते त्यामुळे. पण छत्रीला एमपेग-२ काय आणि ४ काय, काही कळत नाही, ती नुसतं ताट आहे, वरून येतं ते गोळा करून एलएनबीच्या तोंडात टाकते. छत्री कधी जुनी होत नाही, ती फक्त गंजते. ताट वाकडं झालं नसेल, नट गंजून गळाले नसतील तर अजून दहा वर्षं काढेल.

आंबाघाट | रविवार, दुपारी ४.३०

अण्णा, तुमचे आभार कसे मानू. सकाळी नऊला बाबांशी बोललो, मेनू शोधायलाच पाऊण तास गेला, त्यात आई मध्ये मध्ये "तो हिरवा दाबा, हिरवा" सांगत होती. सकाळी स्ट्रेंथ ८१, क्वालिटी ६४. दुपारी तीनला परत बघायला सांगितलं, ८०-६३. आणि आकडा वाचून होतोय तोच पडदा निळा. मी विचारलं दिवा बघा, बाबा म्हणाले दिवा विझला, मग परत लागला, मग परत विझला. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच ना?

छत्रीवाले_अण्णा | रविवार, सायं ५.१०

तेच. बॉक्स गेलाय, छत्री ठणठणीत आहे. कपॅसिटर बदलून हाच बॉक्स चालवता येईल, शंभर-दोनशेत कुणीही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला करून देईल, पण पंधरा वर्षांच्या एमपेग-२ बॉक्सवर मी पैसे घालणार नाही. नवीन घ्या. घेताना खोक्यावर एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून सिग्नल पाठवायची नवी पद्धत) हे दोन्ही लिहिलेलं बघा. दूरदर्शनने ठरवलेले आयकॅसवाले (आयकॅस म्हणजे चॅनेल खुले-बंद करायची भारतीय कुलूप-पद्धत) बॉक्सही मिळतात, मिळाला तर तोच घ्या.

सातारी_माणूस | रविवार, रात्री ९.०२

अण्णांशी सहमत आहे पण एक सांगू का, नुसता बॉक्स बदलून मी फसलोय. मागच्या वर्षी आमच्या कोरेगावच्या घरी नवीन बॉक्स लावला, चार दिवस झकास आणि पहिला वळीव झाला की गेलं. नवीन बॉक्स खराब निघाला म्हणून परत दिला, दुसरा आणला, तोही तसाच. शेवटी भावाने छपरावर चढून एलएनबीला लावलेली पिन काढली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि वायरच्या जाळीतून पाणी. ते पाणी वायरच्या आतून उतरत उतरत पार खाली बॉक्सच्या पिनेपर्यंत आलं होतं, बॉक्सच्या सॉकेटमध्ये ओल होती हो. म्हणजे त्या पाण्याने नवीन बॉक्सही मारला असता. त्यामुळे बॉक्स बदलताना वरची आणि खालची दोन्ही एफ कनेक्टरची पिन नवी टाकाच, वीस-वीस रुपयांच्या असतात, आणि एलएनबीखाली वायरला एक गळा द्या, म्हणजे वायर आधी खाली लोंबकळून मग वर घरात यायला पाहिजे, पाणी त्या गळ्याच्या तळाला ठिबकून जातं, आत येत नाही.

छत्रीवाले_अण्णा | रविवार, रात्री ९.४०

सातारकर, एकदम बरोबर, माझं राहून गेलं होतं. कोकणात तर खारी हवा, इथे पिना तीन वर्षंही टिकत नाहीत. वरची दोन हात वायर कापून टाका, आत तांबं पिवळं-लाल चमकतं दिसेपर्यंत कापत जा, मग नवी पिन. पिनेवर आधी तो स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप, त्यावर काळा टेप. नुसता काळा टेप उन्हाने सुटतो. आणि हे सगळं बॉक्सचा प्लग काढून करा, वायरमधून एलएनबीला तेरा ते अठरा व्होल्ट जात असतात, माणसाला काही होत नाही पण तार जाळीला टेकली तर बॉक्सचा ही वीज देणारा भाग जळू शकतो.

कुडाळची_मावशी | सोमवार, सकाळी ११.२०

मी दुसरंच सांगणार आहे. बॉक्स कोणता घेता यापेक्षा रिमोट कसा आहे ते आधी बघा. आमच्या सासूबाई ८१ च्या, जुन्या रिमोटची बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती, डोळे मिटून लावायच्या. नवीन बॉक्सबरोबर एवढासा रिमोट आला, बटणं तांदळाएवढी, सगळी एकाच रंगाची. दोन दिवसांत त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं. कुणाला काही बोलल्या नाहीत, नुसत्या ओटीवर बसायला लागल्या. मला आठवड्याने कळलं. मग मी काय केलं, नेलपॉलिशने चालू-बंदवर लाल ठिपका दिला, आवाजाच्या दोन बटणांवर आणि चॅनेल वर-खालीवर सुकल्यावर परत दुसरा हात देऊन जाड ठिपके केले, म्हणजे बोटाला लागतात. बॉक्समध्ये फेव्हरिटची यादी असते त्यात फक्त सहा चॅनेल टाकले. आता सासूबाई चॅनेलचं एकच बटण दाबत राहतात आणि त्या सहातच फिरत राहतात. बाबांचा जुना रिमोट हातात घेऊन बघा कुठली बटणं झिजलीत, तेवढीच त्यांना लागतात.

आणि हो, तुमचा डबा टीव्ही आहे ना, मग एव्हीची वायर बघून घ्या. जुन्या बॉक्सला मागे लाल-पांढरी-पिवळी अशा तीन पिनांची तीन भोकं असायची. नवीन बऱ्याच बॉक्सना एकच बारकं भोक असतं हेडफोनसारखं आणि त्यातून तीन पिना फुटतात. आमची घरात पडलेली तशीच वायर लावली तर चित्र काळं-पांढरं फडफडायला लागलं आणि टीव्हीतून भुंग्यासारखा आवाज. मुलाने पिवळी आणि लाल अदलाबदल केली, रंगाकडे न बघता, आणि चित्र आलं. आतल्या तारांची जुळणी प्रत्येकाची वेगळी असते म्हणे. तेव्हा बॉक्सबरोबर आलेलीच वायर वापरा, नाहीतर अदलाबदल करून बघा.

आंबाघाट | सोमवार, दुपारी १.१५

मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. बाबांच्या रिमोटवरचा आवाजाचा पांढरा बाण पूर्ण पुसला गेलाय हे मला आठवलं एकदम.

अण्णा, त्या बंद पडलेल्या खाजगी डीटीएचच्या बॉक्सचं आणि छत्रीचं काय करू? तो बॉक्स एचडी आहे, नवीनच दिसतो, टाकवत नाही.

छत्रीवाले_अण्णा | सोमवार, सायं ६.००

तो बॉक्स फ्री डिशला चालायचा नाही. खाजगी कंपन्यांचे बॉक्स त्यांच्या कार्डाशी आणि त्यांच्याच सॉफ्टवेअरशी बांधलेले असतात. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालावा अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये केली, पण घरातल्या बॉक्सना त्याचा काही उपयोग झालेला नाही. मात्र त्या बॉक्सची एचडीएमआय वायर काढून ठेवा, पुढे टीव्ही बदललात तर लागेल.

छत्री मात्र चालते. फक्त तोंड फिरवावं लागतं. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. रत्नागिरी जिल्ह्यातून ती आग्नेयेला येते, होकायंत्रावर १२८-१३० अंश, आणि जमिनीपासून ५९ अंश वर. टाटा प्ले ८३ वर आहे, म्हणजे त्याची छत्री जास्त दक्षिणेकडे आणि जास्त वर बघते. एअरटेल १०८.२ वर, ती बरीच पूर्वेकडे आणि खाली, पंचेचाळीस अंशाच्या आसपास. म्हणून एका कंपनीची छत्री तशीच ठेवून बॉक्स बदलला की काही येत नाही. आणि ताट बघून कोन ठरवू नका, ही ऑफसेट छत्री असते, ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. तुमची फ्री डिशची छत्री ६४ क्वालिटी देतेय, तिला हातसुद्धा लावू नका, ही दुसरी सुटी ठेवा.

त्या खाजगी छत्रीची एलएनबी फ्री डिशला लावायची वेळ आली तर तिच्यावर काय छापलंय ते आधी वाचा, ९.७५ आणि १०.६ असे दोन्ही आकडे पाहिजेत, आणि बॉक्सच्या मेनूतही ९७५०-१०६०० निवडायचं. हे चुकलं की छत्री बरोबर असूनही क्वालिटी शून्य दाखवते, आणि मग लोक बिचारे दिवसभर छपरावर ताट फिरवत बसतात.

छत्री फिरवण्यावरून आठवलं. ७ जुलै २०१०, इनसॅट-४बी या उपग्रहाच्या एका सौर पंखाची वीज गेली आणि अर्धे ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनेल खाली पाठवणारी यंत्रं, बंद करावे लागले. आपलं दूरदर्शन वाचलं पण त्याच उपग्रहावर असलेल्या एका खाजगी कंपनीने चॅनेल ९१.५ वरच्या उपग्रहावर हलवले, आणि ऐन पावसात आम्ही घरोघर कौलांवर चढून छत्र्या दोन अंश फिरवत होतो. दोन अंश म्हणजे ताटाच्या कडेला बोटभर. पण तेवढ्यात चित्र येतं आणि तेवढ्यात जातं. त्या पंधरा दिवसांत मी हे काम खरं शिकलो.

रानमाळ | सोमवार, रात्री ८.३०

अण्णा, माझाही प्रश्न घ्या ना यातच. राजापूरकडे घर आहे, फ्री डिश आहे, बॉक्स नवीनच आहे एमपेग-४, तरी क्वालिटी २०-२५ वर आलीय. छत्रीसमोर फणस आहे, तो वाढलाय. आई म्हणते फणस तोडायचा नाही, आजोबांनी लावलेला. फणसामुळेच होतंय का हे खात्रीने कसं कळेल?

छत्रीवाले_अण्णा | सोमवार, रात्री ९.१५

फणस मुळीच तोडू नका. ५९ अंश म्हणजे बरंच वर. झाड छत्रीपासून तीस फुटांवर असेल तर छत्रीच्या वर पन्नास फूट गेल्याशिवाय आडवं येत नाही. दहा फुटांवर असेल तर मात्र सतरा फुटांतच आडवं येतं. म्हणजे जवळचं झाड नडतं, लांबचं नाही, आणि छत्री दहा-पंधरा फूट बाजूला सरकवली की बहुतेक वेळा काम होतं.

खात्री करायची तर सूर्यावर करा. वर्षातून दोनदा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो, आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला. तेव्हा काही मिनिटं चित्रसुद्धा बिघडतं, सूर्याचाच गोंगाट एलएनबीत शिरतो. त्या दिवसांत अकरा वाजता छत्रीवर फणसाची सावली पडली तर फणस आडवा आहे, लख्ख ऊन पडलं तर नाही. जिथे त्या वेळी ऊन पडतं तिथे छत्री लावा. मी नवीन जागा ठरवायला हेच करायचो.

आता मे आहे, ऑक्टोबरपर्यंत थांबायचं नसेल तर मोबाईलवर होकायंत्र लावून १२८ कडे तोंड करा, छत्रीपाशी उभं राहून ५९ अंश वर बघा. पानं दिसली तर झालं.

शिल्पा_हॅम्बुर्ग | मंगळवार, पहाटे २.५०

खूप छान चर्चा. इथे जर्मनीतही हेच चाललंय म्हणून लिहावंसं वाटलं. इकडे छत्र्या घरोघर आहेत, ॲस्ट्रा १९.२ या उपग्रहाकडे तोंड करून. ३० एप्रिल २०१२ ला ॲनालॉग बंद झालं तेव्हा सगळ्यांनी बॉक्स बदलले, आणि ७ जानेवारी २०२५ ला एआरडी या सार्वजनिक वाहिनीने उपग्रहावरचं एसडी (एचडीच्या आधीचं साधं प्रसारण) बंद केलं तेव्हा परत. माझ्या शेजारी एक आजी आहेत, त्यांच्या पडद्यावर नुसती पाटी यायला लागली. मी त्यांना नवीन बॉक्स लावून दिला, छत्री १९९७ ची तीच आहे. अण्णांचं 'छत्री फक्त गंजते' हे वाचून त्याच आठवल्या. भारतात निदान जुन्या बॉक्सवर अजून काहीतरी दिसतंय हे चांगलं आहे.

सातारी_माणूस | मंगळवार, सकाळी ८.१०

दिसतंय ते असंच नाही दिसत शिल्पाताई. फ्री डिश ४ कोटींहून जास्त घरांत आहे, त्यातल्या कितीतरी घरांत अजून एमपेग-२ चेच बॉक्स आहेत. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, त्यात खाजगी चॅनेलवाले एमपेग-२ च्या जागेला कोटीकोटीने बोली लावतात, एमपेग-४ ची जागा बरीच स्वस्त जाते, कारण ती बघणारी घरं कमी. म्हणजे आपल्या आईबापांच्या घरचा जुना बॉक्स आहे म्हणून ती जागा टिकून आहे. पण ज्या दिवशी दूरदर्शन ठरवेल त्या दिवशी ती जाणार, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा बॉक्स बिघडला की नवाच आणलेला बरा.

नाशिकची_सून | मंगळवार, दुपारी १२.४०

एक सावधगिरीची सूचना, कृपया सगळ्यांनी घरी सांगा. माझ्या वडिलांना फोन आला, "तुमचा बॉक्स जुना झालाय, आज रात्री बंद होणार, अपग्रेडसाठी ४९९ भरा, लिंक पाठवतो." वडिलांकडे खाजगी डीटीएच आहे, बॉक्स खरंच जुना होता त्यामुळे त्यांना ते पटलं, पैसे भरले, वर ओटीपीही सांगितला. आठ हजार गेले. बँकेने खातं गोठवलं म्हणून पुढचे वाचले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करायचा असतो हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. कुठलीही कंपनी बॉक्स बदलायला बँकेचा ओटीपी मागत नाही. आणि फ्री डिशला तर महिन्याचे पैसेच नसतात, एकदा बॉक्स आणि छत्री घेतली की झालं, तेव्हा फ्री डिशच्या नावाने कुणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. बाबा दोन महिने घरात कुणाशी नीट बोलले नाहीत, पैशांपेक्षा ते जास्त लागलं आम्हाला.

मोगरा_७ | मंगळवार, दुपारी १.२०

ताई, वाचून फार वाईट वाटलं. आजच आईला फोन करून सांगते.

बाकी एक विचारायचं होतं, नवीन टीव्हीतच बॉक्स असतो असं ऐकलंय, मग बॉक्स कशाला घ्यायचा?

कोथरूडकर | मंगळवार, दुपारी ३.००

असतो, पण सगळ्यांत नाही. आत सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलंय. दुकानात टीव्हीच्या मागे बघा, एलएनबी किंवा सॅटेलाइट असं लिहिलेलं पिन आवळायचं गोल भोक असेल आणि मेनूत अँटेना-केबलबरोबर सॅटेलाइट हा पर्याय असेल तर छत्रीची वायर सरळ टीव्हीला लागते, एकच रिमोट. फ्री डिशचे खुले चॅनेल दिसतात. खाजगी डीटीएचचे नाही. म्हाताऱ्या माणसांना एकच रिमोट हा खूप मोठा फायदा आहे, पण आंबाघाट यांच्याकडे डबा टीव्ही आहे, नुसत्या यासाठी तो बदलू नये.

आंबाघाट | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३०

मंडळी, जाऊन आलो. शनिवारी पहाटे निघालो, बॉक्स पुण्यातूनच घेतला, एमपेग-४, आयकॅसवाला, बाराशे पन्नास. दोन दुकानांत फिरून रिमोट हातात घेऊन बघितला, मावशी, ज्याची बटणं मोठी होती तो घेतला. एफ कनेक्टरच्या चार पिना, रबरी टेप, दहा मीटर वायर. सगळं मिळून सोळाशेच्या आत. बाबांना म्हटलं तुम्ही खाली थांबा, पण ते शिडी धरून उभेच राहिले.

वर एलएनबीची पिन काढली तर सातारकरांनी लिहिलं होतं अगदी तेच. तार काळी-हिरवी, पिन फिरवताना हातातच भुगा झाली. कापत गेलो, पहिल्या हातभर वायरीत जाळी पिठासारखी गळत होती, दोन हातांनंतर तांबं दिसलं. नवीन पिन, टेप, गळा सोडला. छत्रीच्या खांबाला पायाशी गंज होता तो पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साईड मारला, उरलेला आईने विहिरीच्या रहाटाला मारून घेतला.

मग बॉक्स लावला तर चित्र फडफडतंय. बॉक्सबरोबर आलेली वायर आखूड पडली म्हणून घरातली लावली होती. मावशींची आठवण झाली, पिवळी-लाल अदलाबदल केली, चित्र आलं. ऑटो स्कॅन लावला. आई-बाबा दोघं पुढे येऊन बसले आणि एक एक नाव यादीत चढत होतं तसतसं बाबा मोठ्याने वाचत होते. क्वालिटी ७८. त्याच छत्रीवर. म्हणजे पिनेतच चौदा जात होते. आता बॉक्स वेगळा, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येणार नाही हे मला माहितीये अण्णा, पण बरं वाटलं.

फेव्हरिटमध्ये सात चॅनेल टाकले, सह्याद्री पहिला. आईने स्वतःच्या हाताने रिमोटवर कुंकवाच्या रंगाची नेलपॉलिश लावली, ती माझ्या बहिणीची राहिलेली बाटली होती. फडताळाच्या दाराच्या आतून मार्करने लिहिलंय: चॅनेल गेले तर मेनू, मग इन्स्टॉलेशन, मग ऑटो स्कॅन, ओके. खाली अण्णांनी सांगितलेला १२८ आणि ५९ पण लिहून ठेवलाय, पुढे कुणी छत्री हलवलीच तर. जुना बॉक्स आणि तो डीटीएचचा, दोन्ही पुण्याला घेऊन आलोय, इथे ई-कचरा घेतात तिथे देणार. गावात वायरी जाळून तांबं काढतात, तो धूर आईला सोसत नाही.

आज मी परत आल्यावर संध्याकाळी फोन आला, बाबांचा, एरवी आईच लावते. म्हणाले, "बातम्या झाल्या. पूर्ण झाल्या. आता जेवायला बसतो."

कुडाळची_मावशी | रविवार, रात्री ९.५०

डोळे भरले रे बाळा.

छत्रीवाले_अण्णा | सोमवार, सकाळी ६.४०

छान काम केलंत. आता मृगाचा पाऊस लागेल, जोराची सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जाईल, ते जाणारच, उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पाण्याच्या थेंबात विरतात, तेव्हा बाबांना सांगा बॉक्सला हात लावू नका, सर ओसरली की आपोआप येईल. आणि १ एप्रिलला लिलावाचं नवीन वर्ष सुरू होतं, चॅनेल इकडचे तिकडे होतात, त्या दिवशी फोन करून एकदा स्कॅन मारायला लावा. सह्याद्री परत पहिल्या नंबरला आणायचं विसरू नका.